सातबाऱ्यावरचं सतरावं नाव

लालबाग,
१९ जून

ती. कुशाकाका यांस,
अनुजाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. शेवंतीकाकीने पाठवलेलं कोकमाचं आगळ पोचलं.

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तुमच्या शेजारचा निलेश आमचा नकाशा बघून गावभर सांगत सुटलाय, अनुजाच्या ऑफिसने आपलं भाताचं शेत पडीक ठरवलं. खोटं नाही ते, पण अर्धवट आहे.

आमचं काम म्हणजे गावागावांतली शेतं पुढच्या वीस वर्षांत केवढी उरतील, त्यांत काय पिकेल, याचा कॉम्प्युटरवर अंदाज बांधायचा. त्याला मॉडेल म्हणतात. त्या मेल्या मॉडेलला सातबारा दिला की ते नावं मोजतं. आपल्या अडतीस गुंठ्यांवर एकोणीस नावं. झालं! प्रत्येकी दोन गुंठे, एवढ्यात कोण नांगर घालणार, सगळं पडीक. मी सरांशी भांडले. म्हटलं, "सर, आमच्याकडे नाव सगळ्यांचं लागतं, शेत एकटाच करतो. चार जण तर वर गेलेत, बाबांच्या जागी माझं नाव लागलंय, बाकीचे इथे लालबाग-परळला." सर म्हणाले, "मग तसं मॉडेलमध्ये घाल." तीन महिने डोकं फोडून घातलं. नकाशात शेत हिरवं झालं.

पण काका, २०३३ नंतर परत पडीक. तेव्हा तुम्ही ऐंशीचे.

हे निलेशला माहीत नाही. शेत करणारा थकला की पुढे कोण, हे वारसांना विचारून फॉर्ममध्ये भरायचं असतं. हितेंद्रदादा म्हणाला, "चतुर्थीला येतो की, अजून काय पायजे?" प्रितीने फोनच कापला. असा संताप आला! तुम्ही म्हणता तेच खरं, "चाकरमानी चवथीक येतत, मोदक खावन जातत."

मग यादीत माझं नाव आलं.

इकडचं तिकडचं लिहून पान भरलं, आता सांगतेच. मी "नाही" लिहिलं. दोन सेकंदही लागले नाहीत. मॉडेलने नाही, ऑफिसने नाही, तुमचं शेत मीच बंद केलं. लाज वाटते. आणि जास्त चीड याची येते की ते उत्तर खरं होतं. लावणी कशी करतात मला ठाऊकच नाही. लहानपणी चिखलात पाय घातला की आई ओरडायची, "शिकायला मुंबईत ठेवलंय ना तुला?"

रिपोर्ट जुलैअखेर जाईल. तोवर उत्तर खोडता येतं. पण खोटं "हो" लिहून काय उपयोग, भाताचा तरवा, ती रोपं, काय कॉम्प्युटर लावणार आहे? आठ दिवसांची रजा टाकलीय. लावणीला येते. ओरडा, शिव्या घाला, पण मला चिखलात उभी करा. मग तो फॉर्म तुमच्यासमोर परत भरेन. तेव्हाही "नाही"च आलं, तर निदान तुमच्या तोंडावर सांगेन.

काकीला सांगा, यंदा चवथीच्या आधी येतेय. मोदक नकोत.

तुमच्या सातबाऱ्यावरचं सतरावं नाव,
अनुजा