शिवप्रियाच्या नावामागे विशेषण नको

मी, श्रीदेवी माणिकप्पा कलशेट्टी, वय ६८, अविवाहित, इंग्रजीची सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका डॉक्टरांच्या आहेत.

वाटणीआधी वस्तुस्थिती, घडली त्याच क्रमाने.

१९८४ साली मी सत्तावीस वर्षांची, एम. ए. झालेली, येथील महाविद्यालयात अधिव्याख्याता होते. वडील वारले होते. धाकटा भाऊ सोमेश याने स्थळांना पाठवण्यासाठी माझा बायोडाटा इंग्रजीत टंकून घेतला. त्यात मला 'होमली' म्हटले होते. आपल्याकडे याचा अर्थ घरगुती वळणाची. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ दिसायला सुमार. मी तो शब्द खोडला आणि त्या जागी काहीही लिहू नये असे बजावले. सोमेशने मला न दाखवता तेथे 'डोमेस्टिकेटेड' घातले. 'डोमेस्टिक' म्हणजे घरगुती. 'डोमेस्टिकेटेड' हे विशेषण मुख्यतः गाईम्हशींना लावतात. त्याचा अर्थ पाळीव.

सोलापूरहून पाहुणे आले. मुलगाही इंग्रजीचाच अधिव्याख्याता. त्याने कागद वाचला आणि सर्वांदेखत विचारले, "पाळीव आहे म्हणता? म्हणजे शिंगं मारत नाही ना?"

पाहुणे हसले. सर्वांत मोठ्याने सोमेश हसला.

मी पोह्यांचा ट्रे उचलून आत नेला. आई, शांतम्मा, दारातच कुजबुजली, "पाव्हणे हाईत गं, गप की जरा." मी बाहेर येऊन एवढेच म्हटले, "चहा घ्या आणि निघा." चहा त्यांनी घेतला नाही. संध्याकाळी सोमेश म्हणाला, "अक्का, येका शब्दापायी सोन्यासारखं स्थळ घालवलंस." त्यानंतर चाळीस वर्षे त्याने साऱ्या नात्यात मला गर्विष्ठ ठरवले. इंग्रजीत 'प्राउड' आणि 'ॲरोगंट' हे वेगळे शब्द आहेत. पहिला मला मान्य आहे. दुसऱ्याला पुरावा लागतो, आणि पोह्यांचा ट्रे हा पुरावा नव्हे.

यंदाच्या श्रावणात सोमेशची मुलगी, माझी भाची शिवप्रिया, हिचा फोन आला. तीही आज सत्तावीस वर्षांची आहे. "आत्या, बाबांनी माझ्या बायोडाट्यात 'डोमेस्टिकेटेड' लिहिलंय. बदला म्हटलं, तर म्हणतात, तुझ्या आत्यानं बी हेच नखरे केले, बघ आता एकटी बसलीय. स्थळ पसंत कर, न्हाय तर घरातून नीघ."

'अलोन' ही वस्तुस्थिती असते, 'लोनली' ही तक्रार. मी वस्तुस्थिती आहे. तक्रार होती की नाही, हे विचारायला सोमेश चाळीस वर्षांत एकदाही या घरी आला नाही.

आता वाटणी.

उमरगा येथील माझ्या पगारातून बांधलेले राहते घर, गच्चीसह, आणि बँकेतील सर्व ठेवी शिवप्रियाला द्याव्यात. आई आता हयात नाही; हे मृत्युपत्र केले नाही तर सर्व काही भाऊ म्हणून सोमेशकडे जाईल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते केले आहे. "घरातून नीघ" हे वाक्य तिला उद्देशून पुन्हा कोणाला उच्चारता येऊ नये, एवढाच हेतू. तिने लग्न करावे, न करावे, घर ठेवावे, विकावे, अट नाही. व्यवस्थापक म्हणून माझे माजी विद्यार्थी ॲड. प्रसेनजित बनसोडे यांना नेमते. त्यांच्या मसुद्यात 'माझी प्रिय व आज्ञाधारक भाची' असे होते. मी दोन्ही विशेषणे खोडली. "मॅडम, मृत्युपत्रातपण मार्क कापताय का?" असे ते म्हणाले. होय. शिवप्रियाच्या नावामागे एकही विशेषण नको. विशेषण लागले की मोजमाप सुरू होते.

स्वयंपाकघरातील भांडी, गॅस व फ्रिज गजराबाईंना द्यावेत. त्या माझा स्वयंपाक करतात आणि मला कडक म्हणतात. 'स्ट्रिक्ट' की 'हार्श', असे मी विचारले, तर म्हणाल्या, "बाई, तुमी चहावानी कडक. सकाळच्याला बऱ्या, दिवसभर न्हाय." हे मत मी तपासायला घेतलेले नाही.

निवृत्तीच्या वेळी मिळालेले मानचिन्ह महाविद्यालयाला परत करावे. माझे कार्य 'हिस्टॉरिक' म्हणायचे होते, म्हणजे इतिहास घडवणारे. कोरले आहे 'हिस्टॉरिकल', म्हणजे इतिहासजमा. निरोप समारंभात त्यावर टाळ्या पडल्या.

सोमेशला माझा मोठा इंग्रजी शब्दकोश. 'डी' या अक्षरापाशी खूण घातली आहे.

माझे दफन आमच्या लिंगायत समाजाच्या रीतीने, कपाळी विभूती लावून व्हावे. भाषणे नकोत. कोणी बोललेच, तर 'लेट प्रोफेसर' म्हणावे, 'एक्स-प्रोफेसर' म्हणू नये. मी मेले असेन, मला काढून टाकलेले नसेल.

हे सर्व वाचून, पुन्हा तपासून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

(सही) श्रीदेवी माणिकप्पा कलशेट्टी

साक्षीदार: १) बलभीम गोरोबा माने, सेवानिवृत्त ग्रंथपाल (सही) २) डॉ. प्रीती आबाराव सरवदे (सही)

स्थळ: उमरगा. दिनांक: १० नोव्हेंबर २०२५.

प्रत रवाना: श्री. सोमेश माणिकप्पा कलशेट्टी, तुळजापूर.

सोमू, १९८४ साली तो शब्द टंकून घेताना तुला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, असे मी धरून चालते. हसताना ठाऊक झाला होता. पाहुण्याने तो मराठीत सांगितला होता. तोच शब्द तू पोटच्या मुलीला लावलास. तेव्हा तू 'थॉटलेस' की 'हार्टलेस'? पहिला विचार न करता दुखावतो, दुसरा विचार करून. एकच निवडायचा. पहिला असशील, तर माझ्या कपाळी अखेरची विभूती तू लाव. दुसरा असशील, तर ती शिवप्रिया लावील. उत्तर मी जिवंत असताना, तुझ्या अक्षरात, लेखी हवे. फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस.