थोरली, मधली, धाकटी

आण्णा, दिवाळीनंतर तुमच्या बोटींच्या देशातला एक माणूस कुपवाडला आमच्या कारखान्यात आला होता. हे तुम्हाला सांगायचं नाही असं मी त्याच दिवशी ठरवलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे न सांगणं तसं काही अवघड नव्हतं. तरी गेले तीन महिने गाडी चालवताना, डबा खाताना, आईच्या औषधांच्या गोळ्या काढून देताना मी मनात तेच सांगत बसलेली असते, म्हणून शेवटी लिहायला घेतलं.

आपल्या गावात घरटी एक माणूस फौजेत, पण सगळे जमिनीवरचे. पाण्यातले तुम्ही एकटेच. त्या बेटांच्या देशातल्या पोरांना इंजिनं शिकवायला नौदलानं तुम्हाला तिकडं पाठवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. पहिल्या सुट्टीला आलात त्या वेळची एक सकाळ मला अजून दिसते. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपुढं पाटावर बसलाय, आणि काटवटीतला पिठाचा गोळा उचलून त्याची बोट करताय. "ही थोरली. म्होरं तोफ, करडा रंग, आपल्या दारापास्नं पार मारुतीच्या देवळापतुर लांब. ही मधली. लय पळती. चोरून मासं धरनाऱ्यांच्या मागं हीच जाती. आन ही आमची धाकटी." धाकटीचं पुढचं तोंड तुम्ही बोटानं दाबून खाली पाडलंत. "हिचं त्वांड असं फळीवानी पडतं बघ. सरळ वाळूवर चढती. तांदूळ, शिमिट, शाळंची बाकं, पान्याची पिंपं, सगळं हीच न्हेती बेटाबेटावर." आई म्हणाली, "आवं, त्या पिठाची भाकरी करायची हाय मला." तुम्ही हसलात, पण धाकटी मोडली नाहीत. फडताळात ठेवलीत. तीन दिवसांनी ती तडकून गेली तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कुणाला दाखवला नाही.

एवढंच त्यांचं आरमार, आणि तुमच्या तोंडात त्याशिवाय दुसरा विषय नसायचा. थोरलीचं डावं इंजिन थंडीनं आखडल्यासारखं सुरू होतं, मधलीला तेल जास्त लागतं, धाकटीचा समुद्राचं पाणी ओढणारा पंप वाळूनं खराब होतो. मी कितवीत आहे हे तुम्ही आईला विचारायचात. मला सायकल मामानं शिकवली, पाढे आईनं पाठ करून घेतले. घरात मी एकुलती एक, पण मला सारखं वाटायचं की तुमच्या आणखी तीन मुली आहेत आणि त्यांच्यावर तुमचा जीव जास्त आहे.

दुसऱ्या सुट्टीला तुम्ही माझ्यासाठी निळे कॅनव्हासचे बूट आणलेत. ते दोन बोटं लहान निघाले. आदल्या वर्षीच्या पायाच्या अंदाजानं घेतले होते तुम्ही. "व्हय गं, पाय वाढतो की माझ्या ध्यानातच न्हाई," असं म्हणून तुम्ही हसलात, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांना धाकटीच्या पंपाच्या एकेका बोल्टाचं माप तोंडपाठ सांगत बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचा बंब पेटलेला होता. तुमच्या ट्रंकेतले तिन्ही बोटींचे फोटो आणि ती लांबट वही, जिच्यात तुम्ही इंजिनांची दुखणी लिहून ठेवायचात, सगळं मी बंबात घातलं. फोटो आधी फुगतात, मग वळतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही राखेतून वहीचा पुठ्ठा काढलात. "कुनी क्येलं?" मी म्हणाले, "मी." मला वाटलं आता मार बसणार, आणि खरं सांगते, मला तो हवा होता. तुम्ही हात उचलला नाहीत. पुठ्ठ्यावरची राख झटकलीत आणि म्हणालात, "पोरी, बोटीत मानसं असत्यात. त्यांच्यासाठी लिवलं हुतं ते." मग आईकडं वळून म्हणालात, "ह्या घरात आता बोटीचं नाव न्हाई काडायचो मी." आणि नाही काढलंत. आणखी एक वर्ष तिकडं काढलंत, मग पेन्शनीत आलात, नदीकाठच्या उपसा योजनेवर पंप दुरुस्त केलेत, पण बोटींबद्दल अक्षर काढलं नाहीत. मी डिप्लोमाला यंत्रशाखा घेतली तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "बरं हाय." मी वाट बघत होते, आता तरी काही सांगाल.

तर तो माणूस. पंचावन्नच्या आसपासचा, सावळा, पांढरा कडक गणवेश, वर्षभरात निवृत्त होणारा. आम्ही त्यांच्या बोटींच्या पंपांसाठी काशाची इम्पेलर करतोय, म्हणजे पंपाच्या आत फिरणारं पात्यांचं चाक. माल नेण्याआधी तो तपासायला आला होता, आणि तपासणी खातं माझ्याकडं. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. माझ्या कोटावरचं आडनाव वाचून तो थांबला. म्हणाला, "या आडनावाचे एक जण आम्हाला शिकवायला होते. मी एकोणीस वर्षांचा होतो." मी म्हणाले, "माझे वडील." त्यानं टोपी काढली, आण्णा. आमच्या कारखान्यात, लेथच्या आवाजात, काशाच्या किसात उभं राहून त्यानं टोपी काढली.

मग तो बोलतच सुटला. थोरली भंगारात गेली, मधली बंदराच्या तोंडाशी शोभेला उभी आहे, धाकटी अजून पाणी वाहते. आता नव्या पाच बोटी आहेत, इंजिनखोलीत संगणकाचे पडदे लावलेत, त्यावर बोट ठेवलं की सगळे आकडे दिसतात. पण बोल्ट आवळताना आजही तिथली पोरं एकमेकांना एक शब्द म्हणतात. तो त्यानं मला म्हणून दाखवला. "दमानं." नवी पोरं तो इंजिनाच्या पुस्तकातलाच शब्द समजतात म्हणे. एकदा धाकटीच्या इंजिनखोलीत पाणी शिरलं, याचा पाय पाइपांत अडकला, आणि तुम्ही छातीभर पाण्यात उतरून तो सोडवलात. वर आल्यावर तो रडत होता तर तुम्ही स्वतःच्या हातानं चहा करून पाजलात आणि त्याचं डोकं पुसलंत. "बापासारखं," तो म्हणाला. मी मान हलवत होते. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी हातातल्या कागदावर सह्या करत होते. माझं डोकं तुम्ही कधी पुसलंत, हे मी आठवून बघत होते.

शेवटी तो म्हणाला, "त्यांना मुलगी आहे हे मला आज कळलं. घरचं ते कधी बोलायचेच नाहीत. आम्हाला वाटायचं त्यांना कुणी नाही."

तो तुमच्या शेवटच्या वर्षातला पोरगा. बंबाच्या नंतरचा. इथं बोटींचं नाव काढायचं नाही असं ठरवल्यावर तिथं घराचं नाव काढणंही तुम्ही बंद केलंत की काय, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त एवढंच ऐकू आलं, की मी नव्हतेच.

दुपारी तो मालकांबरोबर कागदपत्रांना बसला आणि मी उरलेली चाकं तपासायला घेतली. लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर फवारायची. कुठं चीर असेल तर तिच्यात राहिलेला लाल उमटतो. एका चाकाच्या मधल्या भोकापाशी केसाएवढी लाल रेघ आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी चाक पुसलं आणि पास झालेल्यांच्या ट्रेत ठेवलं. भर समुद्रात एकदा बंद पडू दे तुमची लाडकी धाकटी, एवढंच डोक्यात होतं. चहाची सुट्टी झाली, मी चहाही प्याले. मग जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज आला, आणि मी उठून ते चाक काढलं आणि त्याच्यावर लाल खडूनं फुली मारली. त्यानं विचारलं, "हे?" मी म्हणाले, "चीर आहे." तो म्हणाला, "बरं झालं सापडलं." तो आला नसता तर मी ते काढलं असतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

जाताना त्यानं ईमेल मागून घेतला. बंदरावरच्या नव्या वर्कशॉपात शिकवायच्या खोलीला तुमचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलंय. पूर्ण नाव, गाव, आणि पाटीवर तुमच्याबद्दल लिहायला दोन ओळी एवढं त्याला हवं होतं. त्याची ईमेलवर तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. तिथं तुमचं नाव लागलं की तुम्ही कायमचे त्यांचे होणार, असं वाटायचं. आईला मात्र मी सगळं सांगितलं, चाकाचं सोडून. ती ऐंशीकडं झुकलीय, ऐकू कमी येतं. तिनं एवढंच विचारलं, "चहा क्येला म्हनतीस त्येंनी? सोताच्या हातानं?" मी व्हय म्हणाले. "मला तर कवा न्हाई दिला," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. आण्णा, मला हसूही आलं आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात जळणारी मी एकटीच.

आज सकाळी मी त्याला उत्तर लिहिलं. तुमचं पूर्ण नाव दिलं, गाव दिलं, तालुका पलूस, जिल्हा सांगली दिलं. दोन ओळींच्या जागी खूप वेळ काही सुचेना. तुम्ही कसं शिकवायचात ते त्यांनाच माहीत, मला नाही. शेवटी लिहिलं की यांच्या मागं पत्नी आणि एक मुलगी आहे. पाठवायच्या आधी वाचून बघितलं तर पाटीवर अशी ओळ शोभत नाही हे दिसत होतं. तरी मी ती तशीच पाठवली, आणि खाली लिहिलं की ही ओळ गाळायची नाही.