खुर्चीतून न उठणारी विद्यार्थिनी

लोणावळा, मंगळवार, ७ नोव्हेंबर १९६७

शाळेतून आल्यावर आज नमुना पाठाची तालीम केली. अदिस अबाबाच्या आंतरराष्ट्रीय शाळेला नवरा-बायको दोघंही शिक्षक हवेत. पुढच्या आठवड्यात मुंबईला मुलाखत आहे, तिथे पाठ घेऊन दाखवायचा. तिकडची मुलं म्हणे शिक्षक आले तरी उठत नाहीत, बसल्या जागेवरून प्रश्न विचारतात. म्हणून मी शिकवायचं आणि कमलने खुर्चीत बसून तिकडची विद्यार्थिनी व्हायचं, असं ठरलं.

मी खोलीत शिरलो की ती सवयीने उठायची. दोनदा झालं. मग मात्र बसून राहिली, आणि मलाच ते टोचलं. का टोचावं?

विषय सोपा होता: लोणावळ्यात एवढा पाऊस, मग तळेगावात कमी कसा? मी ढगांना घाट चढवला. ती म्हणाली, "का?" सांगितलं. पुन्हा "का?" मी चिडलो. "आधी ऐकून तर घे!"

"अहो, तिकडच्या मुलांनाही असंच सांगणार का?"

तेवढ्यात कार्ल्याच्या मावशी दूध घेऊन आल्या. "गुरुजी, तुमी उभं आन् बाई बसल्यात? बरं न्हाई व्हय त्यास्नी?" कमल हसली, पण खुर्चीतून उठली नाही. दूध मीच घेतलं.

पाठ संपला म्हटलं, तरी ती बसलेलीच.

"आणखी एक विचारू?"

"विचार की."

"परदेशी जायचं, हे आपण दोघांनी कधी ठरवलं?"

चहा टाकतो म्हणून आत आलो, आणि स्टोव्ह पेटवायचाच राहिला.