पंखा बंद करून

प्रिय तनवीरभाई,

पत्र बघून घाबरू नकोस. अम्मी बरी आहे, तिची शुगर आटोक्यात आहे. सोबतची फोमची गुंडाळी आधी उघडली असशील तर राहू दे, पण पत्र आधी वाच. फोन करता आला असता, पण फोनवर मी दोन वाक्यांच्या पुढे जात नाही हे तुला माहीत आहे. मराठीत लिहितेय, कारण शाळेत आपण दोघं हीच लिहायला शिकलो. घरात जे बोलतो ते कागदावर कसं आणायचं हे मला अजून जमत नाही.

अब्बांना जाऊन दोन महिने होत आले. गाळा मी रोज उघडते. भाव टाकते, ड्रायव्हरांना लोकेशन पाठवते, क्रेटचे फोटो काढते, व्यापाऱ्यांना दाखवते. सगळं मोबाईलवरच. तू असताना हे सुरू केलंस तेव्हा अब्बा म्हणायचे, केळी डोळ्याने बघून घ्यायची वस्तू आहे, काचेतून नाही. नंतर तेही काचेतूनच बघायला लागले. चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करायचे आणि घडाला डाग आहे की स्क्रीनला, हे मला विचारायचे.

ग्रुप अजून त्याच नावाचा आहे, ‘नासीर केळी गाडी’. तू बनवला होतास तेव्हा सत्तर शेतकरी होते, अब्बा गेले तेव्हा दोनशे बारा होते. तू गेल्यावर अब्बांनी भाव लिहून टाकणं पूर्ण बंद केलं. रोज संध्याकाळी आवाजच. आधी पंखा बंद करायचा, मग दार लोटायचं, मग मोबाईल तोंडाजवळ धरून बोलायचं. पंख्याच्या घरघरीत आकडा चुकीचा ऐकू गेला तर शेतकरी बुडतो, असं म्हणायचे. स्वतःचं नाव कधी सांगायचे नाहीत. आवाज ओळखत नाही त्याने मला माल देऊ नये, हे त्यांचं ठरलेलं. आपली पद्धतही तीच राहिली होती, अब्बा आवाजात ज्यांची नावं घेतील त्यांनी पहाटे आपल्या मजुरांकडून घड कापून रस्त्याला आणायचे, गाडी आपण पाठवायची. कोणी उलट फोन करून विचारायचं नाही. नासीरभाई बोलले म्हणजे गाडी येणार.

अब्बा गेल्यावर मी भाव लिहून टाकायला लागले. तुझ्यासारखाच तक्ता करून. लोक अंगठा दाखवायचे आणि मग एकेक जण फोन करून तेच विचारायचा. माझा आवाज मी ग्रुपमध्ये कधी टाकला नव्हता. दोनशे बारांत बायका चार-पाच असतील, त्याही बोलत नाहीत.

आता जे घडलं ते सांगते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका संध्याकाळी गाळ्यात एकटी बसून मी अब्बांच्या जुन्या क्लिपा ऐकत होते. रोजच ऐकत होते, हे कोणाला सांगितलेलं नाही. त्यातली एक मला पुढे पाठवायची होती. कोणाला, ते नंतर लिहिते. छोटी आणि स्वच्छ अशी एक निवडली, मागच्या वर्षीची. त्यात ते म्हणतात, उद्या खिरोद्याच्या बाजूला दोन गाड्या, जीवराम, मोतीलाल, सुनंदाताई, पहाटे कापून रस्त्याला आणा, ऊन चढायच्या आत. पाठवताना यादीत सगळ्यात वर ग्रुप होता आणि त्याच्या खाली ते दुसरं नाव. माझं बोट वरच्यावर पडलं. ते मला कळलं नाही, कारण पाठवल्याबरोबर मी मोबाईलचं नेट बंद केलं आणि घरी गेले. समोरच्याने ते ऐकलं की नाही, हे मला बघायचं नव्हतं.

सकाळी सव्वासातला जीवराम आबांचा फोन आला. गाळ्याच्या नंबरवर, आणि मी हॅलो म्हणायच्या आत ते सुरू झाले, “तन्या, घड रस्त्यावर येऊन पडले, तुही गाडी कुठी आहे रे भो?” मी म्हटलं, आबा, मी कशिश. ते म्हणाले, “मंग तन्याले दे फोन.” मी म्हटलं, तो इथे नाही. ते हसले. “काल त्याचा आवाज ऐकला मी. बापाचाच गळा आहे. आला ते बरं झालं, पण गाडी लाव म्हणा आधी.”

मग मी नेट चालू केलं. अब्बांच्या आवाजाखाली एकशे तीस अंगठे होते. वर बारीक अक्षरात ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं होतं, पण ते कोण वाचतं? दिवसभर लोकांच्या मोबाईलवर जे येतं त्यातलं निम्मं तसंच असतं. मेलेला माणूस बोलणार नाही, मग मुलगाच आला असणार, असं सगळ्यांनी धरलं. सातपुड्याच्या बाजूच्या एकाने तर हार घातलेला फोटो टाकून ‘तनवीरभाई, स्वागत’ असं लिहिलं होतं. फोटो तुझ्या बारावीचा होता.

कापलेली केळी दिवसभर थांबत नाहीत, तुला सांगायला नको. मी रिक्षाने खिरोद्याला गेले. तिघांचा माल रस्त्याच्या कडेला लिंबाखाली लावलेला होता. मी वाटेतच सतरा ठिकाणी फोन केले होते. एक गाडी भुसावळच्या वेफर्सवाल्या जिनेशभाईंनी दुपारी पाठवली, कच्चा माल त्यांना चालतो. दुसरी सावद्याच्या एका व्यापाऱ्याने संध्याकाळी दिली, आणि देताना नासीरभाईंच्या गाळ्यालाही आता गाडी मागावी लागते का, असं विचारून दिली. तोपर्यंत मोतीलालभाऊ माझ्याशी सरळ बोलत नव्हते. ते मजुरांकडे बघून म्हणाले, “यांच्या घरात गाडी कोण लावतं, ते एकदा पाटीवर लिहून टांगायला सांगा.” सुनंदाबाईंनी ओल्या गोणपाटांनी घड झाकले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझ्या हातात एक गोणपाट दिलं, ते भिजवून आणायला. आम्ही दोघींनी दुपारभर तेच केलं. तरी त्यांचे शेवटचे चाळीस घड उन्हाने गेलेच.

जीवराम आबा गाडीला दोर बांधेपर्यंत माझ्या बाजूला उभे होते. मग त्यांनी विचारलं, “तन्या खरंच नाही आला?” मी नाही म्हटलं. “मंग तो आवाज?” मी अब्बांचा म्हटलं. त्यांनी बांधलेला दोर पुन्हा ओढून पाहिला. नंतर म्हणाले, “कापताना मी मजुरांना सांगत होतो, पाहा, गाडी बरोबर सातला येईन. नासीरच्या घरची गाडी आहे.”

दुसऱ्या दिवशी मोतीलालभाऊंनी ग्रुप सोडला. दुपारपर्यंत आणखी नऊ जण गेले. मी तक्ता लिहायला बसले आणि लक्षात आलं की आता लिहिलेलं कोणी खरं धरणार नाही, आणि आवाजही नाही. असंच चाललं असतं तर गाळा पावसाळ्यापर्यंत टिकला नसता. मी पंखा बंद केला. दार लोटलं. चार वेळा बोलून पुसलं. पाचव्यांदा जे गेलं त्यात एवढंच होतं: मी कशिश बोलतेय, नासीरभाईंची मुलगी. परवा संध्याकाळी जो आवाज आला तो अब्बांचा जुना होता. माझ्या हातून गेला, चूक माझी आहे. तनवीरभाई आलेला नाही. यापुढे गाडी मी लावेन, आणि मी बोलेन तेव्हाच कापा.

तासभर कोणी काही लिहिलं नाही. दोनशे दोन लोक आणि एकही अंगठा नाही. मग जीवराम आबांचा आवाज आला. त्यांनी ग्रुपमध्ये याआधी कधी काही टाकलं नव्हतं, बटण दाबून धरायला त्यांना नातवाने शिकवलं असेल, मागे कोंबडी ओरडत होती. ते म्हणाले, “बरं. ऐकलं. आता उद्याचा भाव काय आहे ते सांग, माय.” मी सांगितला. आता रोज सांगते. मोतीलालभाऊ अजून परत आलेले नाहीत. सुनंदाबाई पहिल्यांदाच ग्रुपमध्ये बोलल्या, त्यांच्या बागेत शुक्रवारी कापणी आहे एवढंच.

ग्रुपला मी सगळं सांगितलं, एक सोडून. ती क्लिप मला कोणाला पाठवायची होती, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अब्बा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा एका ओळीचा मेसेज आला होता, “अब्बांचा एखादा आवाज असेल तर पाठव.” दफनाला यायला बंगळुरूहून गाडी मिळाली नाही असं तू म्हणाला होतास, ते मी खरं धरलं, तरी त्या ओळीला दीड महिना उत्तर दिलं नाही. तीन वर्षांपूर्वी अब्बा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पोरानं खाली जे लिहिलंय ते बघू नका, मी बोललो तोच भाव,” आणि त्याच संध्याकाळी तू गेलास. तो आवाज तुझ्याकडे आहे, मग आणखी कशाला हवा, असा माझ्या मनात राग होता. त्या संध्याकाळी तो राग जरा कमी झाला होता. ग्रुपच्या खालचं नाव तुझं होतं.

आता एकेक निवडून पाठवायची हिंमत नाही, म्हणून अब्बांचा मोबाईलच पाठवतेय. सिम काढून घेतलंय, ते गाळ्याला लागतं. आत एक हजार साठ क्लिपा आहेत. तुझ्यासाठी म्हणून बोललेली त्यात एकही नाही, मी सगळ्या ऐकल्या. भाव, गाड्या, क्रेट, ड्रायव्हरांना शिव्या. ती वाईट क्लिपही आहे. ती पुसून पाठवावं असं वाटलं होतं, पण मग बाकीच्या तू खऱ्या धरल्या नसत्या. गेल्या वर्षीच्या चौदा जूनची ऐक. तू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि पंख्याच्या बटणाजवळ मी उभी होते. सुरुवातीला पंख्याची घरघर आहे, आणि भाव सांगायच्या आधी ते म्हणतात, “तनवीर, पंखा बंद कर.” मी बंद केला. त्यांनी नाव दुरुस्त केलं नाही, मीही केलं नाही.

ऐकलंस की लिही, आता नेट बंद करत नाही.

तुझीच,
कशिश