गमबूट घातलेला सारस

मंगळवार, संध्याकाळ. देवरी.

आज शालूकडे जायलाच नको होतं. गेलो, तर तिने मोबाइल पुढे धरला. तिनेच काढलेला सारस, एका पायात गमबूट घातलेला. वर नाव माझं.

कॉमिक काढणाऱ्यांचा ग्रुप मीच सुरू केला, ब्लॉकचेनवरच्या साइटवर, जिथं एकदा टाकलेलं कायमचं राहतं. रिकाम्या ग्रुपात कोण येईल, म्हणून तिच्या वहीतली पानं माझ्या नावावर टाकली. खाली तिचं नाव लिहू म्हटलं, मग माल घेऊन रायपूरला ट्रकवर निघालो आणि राहून गेलं. राहून कसलं? लोक गमबुटाला वाहवा देत होते, म्हणून राहू दिलं.

"काऊन रे, गमबूट तुले सुचला का?" शालूने विचारलं.

"पुसता येत नाही ना तिथं."

"मालूम आहे. इथं आपलं काम कोणी पुसू शकत नाही, हे तूच सांगत फिरत होतास. म्हणून तर वही देल्ली तुले."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली.

बसस्टँडवर येऊन पोस्टखाली लिहिलं, 'सारस शालूचा आहे, माझं नाव चुकून पडलं.' पाठवलं आणि मग वाचलं. चुकून? गमबूट चुकून माझा झाला? आता हेही पुसता येत नाही.

त्याच्याखाली अजून एक ओळ लागते, 'चुकून नाही, मुद्दाम.' लिहून ठेवली आहे. इथून सुटणारी शेवटची बसही गेली, पण पाठवायच्या बटणावर बोट काही जाऊन नाही राहिलं.