मुहूर्त लागेपर्यंत

रोहा,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

काळुराम भावजी यांस,

वैनीचे आशीर्वाद. वर श्री घातलेला नाही. अजून वर्ष सरलेलं नाही, म्हणून.

आज सकाळी पाणी लवकर आलं. भरून ठेवलं. बाजारात वालाच्या शेंगा चांगल्या आल्यात, पण एकटीसाठी काय घ्यायच्या म्हणून मेथी घेऊन आले. मग यांचं कपाट आवरलं. निळा शर्ट धुतला आणि गॅलरीत वाळत टाकला. थंडी आहे, पण उन्हात बरं वाटतं. माझा गुडघा तसाच आहे.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी नुसतं "बघते" म्हणाले. फोनवर मला बोलायला सुचत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहिते.

तुमच्या ऋत्विकचं लग्न ठरलं, आनंद आहे. मुलीचा फोटो पाहिला, मुलगी समजूतदार दिसते. आम्हाला मूल नव्हतं. ऋत्विकनेच यांना अग्नी दिला, ते मी विसरलेली नाही. त्याचं वाईट माझ्या मनात कधी येणार नाही. हे आधी लिहून ठेवते.

तुम्ही म्हणालात, माघातला मुहूर्त सोडला तर मुलीकडचे थांबणार नाहीत. म्हणून यांचं वर्षश्राद्ध पौषातच उरकून घ्यायचं, म्हणजे घर शुभकार्याला मोकळं होईल. गुरुजींनी चालतं म्हणून सांगितलंय. "वैनी, तू हो बोल गो. तू नाय आलीस तर भावकीत बरं नाय दिसणार."

चालत असेल. गुरुजी सांगतात ते खरंच असेल. पण गुरुजींनी मलाही एक गोष्ट सांगितली आहे. ती गेले सात महिने मी कोणाजवळ बोलले नाही.

तुमच्या मनस्वीच्या हळदीला आम्ही पेणला होतो. यांना दुसऱ्याकडे झोप लागत नसे, म्हणून रात्री रोह्याला परत आलो. सकाळी हे लवकर उठले. निळा शर्ट इस्त्री करून दाराच्या मागे अडकवला. पत्रिकेबरोबर आलेली अक्षतांची पुडी त्याच्या खिशात घातली. मी म्हटलं, "हॉलवर वाटतात की." तर म्हणाले, "तिथं चार दाणे हातावर टेकवतात. माझ्या पोरीवर मी माझ्या मुठीनं टाकणार." मग खुर्चीत बसले. मी चहा घेऊन आले तोवर संपलं होतं. नाक्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, घरच्यांना कळवा.

मी घरच्यांना कळवलं. पहिला फोन तुम्हाला केला.

तुम्ही आधी रडलात. ते खोटं नव्हतं, मला आवाज कळतो. मागे सनई चालली होती. मग म्हणालात, "वैनी, कोणाला बोलू नको हां. सुतक लागलं तर लग्न मोडंल. पोरीला हळद लागलीय गो. दुपारचा मुहूर्त लागू दे, मी निघतोच."

मी हो म्हणाले. मनस्वी माझीही आहे. तो मुहूर्त तर यांनीच पसंत केला होता. दुसरा पावसात जात होता, म्हणून हाच धरा म्हणून हे तुमच्याशी भांडले होते.

दार लावून घेतलं. शेजारच्या वैशालीने हाक मारली, "काकू, निघाला नाय अजून लग्नाला?" आतूनच सांगितलं, काकांना ताप आहे. आमच्या भिंती कशा आहेत तुम्हाला माहीत आहे. पलीकडे कुकर लावला तरी ऐकू येतो. म्हणून मोठ्याने रडले नाही. वैशाख होता. पंखा लावला. मग वाटलं, आता पंखा कशाला. पण बंद करवेना.

थोड्या वेळाने मनस्वीचा फोन आला. नटून बसली होती.

"काकी, काका कुठाय? सगळे आले, तुम्हीच नाय."

"ताप आहे ग त्यांना. नाही जमणार."

"मी गाडी पाठवते. दे त्याला फोन."

"झोपलेत."

"घोरतोय काय? मला ऐकव, ऐकव," म्हणून हसायला लागली. मागे पोरी पण हसत होत्या.

मी म्हटलं, आशीर्वाद सांगितलाय त्यांनी. आणि फोन ठेवला.

लग्न लागताना कोणीतरी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. आवाज बारीक करून मी तो यांच्याजवळ बसून पाहिला. तुम्ही मनस्वीच्या मागे उभे होता, फेटा बांधून. लग्न लागलं. मला वाटलं, आता निघाल. मग जेवणं झाली असतील. मग पाठवणी. तुम्ही आलात तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. तुमच्या केसांत अक्षता होत्या. तुम्ही यांच्या पायांवर डोकं ठेवलंत तेव्हा त्या चादरीवर सांडल्या. मग मोठ्याने रडायला परवानगी मिळाली आणि बायका जमल्या. मला तेव्हा रडू आलं नाही. बायकांनी त्याचीही चर्चा केली.

वैशाली मला अजून विचारते, "काकू, मी भिंतीपलीकडे होते, हाक का नाय मारलीत?" तिला काय सांगू?

सगळ्यांना सांगितलं गेलं, संध्याकाळी गेले. मीही तेच सांगितलं. लग्नासाठी केलं, असं मनाला समजावलं होतं.

बाराव्याला तुम्ही आचाऱ्याशी बोलायला मागे गेला होता. गुरुजी हात धुऊन बसले होते. त्यांना वाटलं मला माहीत आहे. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुमच्याजवळ कोण होतं? मी काळुरामला सकाळीच सांगितलं होतं. देवक बसलंय, नांदीश्राद्ध झालंय, आता लग्नाला सुतकाची अडचण नाही. लग्न बिनधास्त लावा. फक्त घरातलं एक माणूस वहिनींकडे पाठवा."

मी त्यांना पाणी दिलं आणि आत गेले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. फोन ठेवल्यावर तुम्ही गुरुजींना विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं, आणि तुम्ही मला उलटून फोन केला नाहीत. लग्न मोडणार नव्हतं. मुलाकडची माणसं अपशकुन म्हणतील, मनस्वीला पुढे ऐकवतील, एवढीच भीती होती. ती भीती मला कळते. मुलीचा बाप आहात. तुम्ही लग्न सोडून यायला हवं होतं असं मी आजही म्हणत नाही. पण हॉल माणसांनी भरलेला होता, भावजी. मालू आत्या होती. तिला माझ्या गुडघेदुखीचं निमित्त सांगून रिक्षात बसवलं असतंत तरी चाललं असतं. ती माझ्याजवळ नुसती बसली असती.

गौरीला मनस्वी आली होती. म्हणाली, "काकी, एक बरं झालं, माझं लग्न लागलेलं ऐकून काका गेले." मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि हो म्हणाले. तिला मी काही सांगणार नाही. सांगायचं तर ते तुमचं काम आहे.

आता पौषातलं. यांच्या मरणाला तुम्ही एकदा दिवसभर बाहेर थांबवलंत. आता त्याचं वर्षही पुरं होऊ द्यायचं नाही म्हणता. दोन्ही वेळा कारण लग्नाचंच आहे, आणि लग्नाला कोण नाही म्हणेल?

वर्षश्राद्ध करा. ऋत्विकने अग्नी दिलाय, त्याचा अधिकार आहे, मी अडवणार नाही. माघातला मुहूर्त धरा आणि पोराचं लग्न चांगलं करा. पण मी पेणला येणार नाही. श्राद्धाला नाही आणि लग्नालाही नाही. माझं वर्ष वैशाखात होईल, यांच्या तिथीला. तेव्हा मी इथे पान वाढेन.

भावकी विचारेल, वैनी कुठाय? तेव्हा आजारी आहे म्हणून सांगू नका. झोपली आहे म्हणून तर मुळीच सांगू नका. ती येत नाही म्हणाली, एवढंच सांगा. का ते कोणी विचारलं तर तुमचं तुम्ही बघा. या खेपेला मी दार लावून घेणार नाही, आणि कोणाचा फोन आला तर खरं तेच बोलेन.

शर्टाचं लिहायचं राहिलं. तो त्या दिवसापासून तसाच होता. आज भिजत घातला तेव्हा खिसा बघायचं लक्षात आलं नाही. बादलीच्या तळाशी तांदूळ बसले आणि खिशाला कुंकवाचा डाग पडला. दोनदा साबण लावला, गेला नाही.

ऊन गेलंय. शर्ट अजून दमट असेल, पण रात्री दव पडतं. आत घेते.

अनिता महिपती