फाईल दुसरीकडे उघडी आहे

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा सोलापुरात. पुण्यातलं डिलिव्हरीचं, हैदराबादेतलं हॉटेलचं, मधलं ट्रकवरचं, सगळं सोडून झालं. आता भवानी पेठेत चनबसप्पा अण्णांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. झोपायला वर माळा. खिडकी उघडली की समोरच्या कारखान्यातल्या मागांची खटखट आत येते, आणि शेजारच्या चक्कीतून ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास. अण्णांनी कुठल्याशा सूतवाल्याची फुकटची डायरी दिली. म्हणाले, लिहीत बस, म्हणजे एका जागी बसायची तरी सवय लागेल.

उदगीरला फोन केला. आई म्हणाली, माउली, या वेळी तरी टिक रे बाबा. मागून आरोही, माझी धाकटी बहीण, म्हणाली की दादाचं ताट भाड्यानं द्यायचंय, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ. हसलो. पण लागलं. या वेळी टिकायचं. घरी गेल्यावर कुणी ‘आता पुढं कुठं’ असं विचारू नये, एवढंच पाहिजे.

६ फेब्रुवारी

काम आवडलं. लोक केबल घेऊन येतात, मोबाईल चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही म्हणतात. स्वस्तातली केबल असते ती, आत फक्त करंटच्या तारा, फोटो वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. पेन ड्राइव्ह दिसेना तर पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टात लावायचा, पुढं करंट कमी पडतो. तरी नाही, तर खोडरबरानं पट्ट्या पुसायच्या. फॉरमॅट करू का असं विचारलं तर हो म्हणायचं नाही, अण्णांना हाक मारायची. शेवटी आपल्याकडचा एखादा फोटो टाकून उघडून बघायचा. उघडला की झालं.

अण्णांची खरी कमाई मात्र वेगळीच आहे. गेलेल्या माणसाचा फोटो लोक आणून देतात, अण्णा त्याचं डिझाइन करतात, ते पेन ड्राइव्हवरून समोरच्या मागाला देतात, आणि माणूस चादरीत विणून येतो. वर्षश्राद्धाला ती भिंतीवर लावतात. भुवई न भुवई येते.

दोन गोष्टी अण्णांनी बजावल्या. कॉपी करायचं, कट कधीच नाही. आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढायचं नाही. अर्धं कट झालेलं ना हितलं राहतं ना तितलं, म्हणाले.

९ फेब्रुवारी

अक्कलकोटच्या पलीकडून केराबाई आल्या. मेंढरांवाली बाई, डोक्यावर पदर, पेन ड्राइव्ह रुमालात बांधलेला. मुलगा बिरप्पा. बरीच वर्षं झाली, घरातून निघून गेला, ठावठिकाणा नाही. भावकी म्हणते, आता वाट बघू नका, दिवस घाला. बाई म्हणाल्या, घालतो म्हनं, पर तोंड तरी बगू द्या की लेकाचं. त्याचे फोटो फक्त ह्यात हायत. पावतीवरचं नाव मीच वाचून दाखवलं, त्यांना अक्षरओळख नाही. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, तूबी घर सोडलेला दिसतोस. मी म्हणालो, नाही ओ मावशी, नोकरीला आलोय. त्या म्हणाल्या, व्हय, त्योबी असंच सांगायचा.

जाताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी देऊन गेल्या.

१० फेब्रुवारी

अण्णा जुळे सोलापुरात कुणाचा तरी प्रिंटर बघायला गेले होते. मी केराबाईंचा ड्राइव्ह पुसला, मागं लावला. दिसला, पण रिकामा. चालतो तरी का बघू म्हणून माझा एक फोटो टाकायला घेतला. तलावावर काढलेला, ऊन लागतं म्हणून कपाळावर हात धरलेला. आता हात कसा गेला कोण जाणे, कॉपीऐवजी कट झालं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. तेवढ्यात रस्त्यावरून घोड्यावर नवरदेव. घोडा चक्कीपाशी अडला, पिठाच्या डब्यात तोंड घातलं त्यानं, नवरदेवाचा फेटा घसरला, सगळी पेठ हसायला लागली. मीही बघायला पळालो, आणि पळताना केबलमध्ये पाय अडकून कॉम्प्युटर ओढला गेला आणि ड्राइव्ह निघून आला.

परत लावला. माझा फोटो इथंही नाही, तिथंही नाही.

पण बिरप्पाचा फोल्डर उघडला. आपोआप. त्यातला एकच फोटो दिसतो, तोही खालून थोडासा, वर सगळं राखाडी. अण्णांना फक्त फोल्डर सापडला एवढंच सांगितलं.

१३ फेब्रुवारी

तो फोटो रोज थोडा वर उघडतोय. आज छातीपर्यंत आला. मागं मेंढरं आहेत, माळ आहे. अंगात माझा चौकड्यांचा शर्ट आहे. खिशावर ट्रकच्या ऑइलचा डाग आहे.

माझ्या मोबाईलमधले फोटो खालून राखाडी होतायत. मेमरी कार्ड खराब असेल.

१५ फेब्रुवारी

पूर्ण उघडला. कपाळावर हात. मीच.

केराबाईंना बोलावलं होतं. मी म्हणालो, मावशी, काहीतरी चुकलंय, हा मी आहे. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, ह्योच माझा बिरप्पा. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, तुझ्यासारखा दिसतो की थोडा, पण ह्या वयाची सगळी भटकी पोरं सारखीच दिसतात. आणि डिझाइनला बसले.

मोबाईल माझा चेहरा ओळखत नाही. पुन्हा प्रयत्न करा म्हणतो. पिन टाकून उघडला.

१६ फेब्रुवारी

अण्णांची पाठ वळल्यावर तो फोटो परत कट करून माझ्याकडं घ्यायला गेलो. घेऊ देत नाही. पाटी येते: ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. आधी तिकडे बंद करा, मग प्रयत्न करा.

तिकडे कुठं? दुकानातले सगळे कॉम्प्युटर बंद केले. तीच पाटी.

१७ फेब्रुवारी

घरी फोन केला. आरोहीनं विचारलं, कोण. म्हणालो, दादा. ती हसली, म्हणाली, काय राव, कुणाची चेष्टा करताय, दादा इथं जेवायला बसलाय की. परवाच आला. आता कुठं जाणार नाही म्हणतोय, शेळ्या घेणार आहे.

मागं आई हसत होती. आई असं हसलेली मी किती वर्षांत ऐकली नव्हती. मग एका पुरुषाचा आवाज आला, अगदी माझा. पण तो म्हणाला, कोन हाय गं? कुनी न्हाय तर ठेव की.

आम्ही असं बोलत नाही. आमच्या घरात कुणी असं बोलत नाही.

इतकी वर्षं मी गेलो की घर तसंच राहील असं धरून चाललो होतो. माझं ताट माझंच राहील. आणि त्यांना फरकसुद्धा पडला नाही. टिकणारा मिळाला त्यांना.

१८ फेब्रुवारी

अण्णांनी विचारलं, काय पाहिजे आपल्याला, केबल का? मी म्हणालो, अण्णा, मी माउली. ते म्हणाले, बसा, आमचा पोरगा होता कामाला, टिकला नाही, कालच गेला सोडून.

उदगीरची गाडी धरायला स्टँडवर निघालो. वाटेत पाय बधिर. आधी बोटं, मग घोटे.

समजलं. माग सुरू झालाय. चादर पायाकडून वर विणतात.

१८, दुपार

भिंत धरत कारखान्यात आलो. विणणाऱ्याला हाका मारल्या, त्यानं मान वर केली नाही. मागाचा पेन ड्राइव्ह ओढून काढला. माग चालूच. डिझाइन आधीच त्याच्या पोटात गेलंय. बटण पलीकडच्या भिंतीला आहे. पाय नेत नाहीत. सुताच्या गठ्ठ्यावर पडलोय.

कंबर झाली. शर्टाच्या चौकड्या येतायत. ऑइलचा डागसुद्धा —

केराबाई मागाशेजारीच बसल्यात. विणलेल्या भागावरून हात फिरवतायत. स्वतःशी म्हणतायत, कुटंतरी दोन घास खात असंल तर खाऊ द्या देवा, मी न्हाय बोलवत.

खातोय, मावशी. मला ठाऊक आहे कुठं.

ओरडायला गेलो — हनुवटी झाली. ओठ —

आवाज नाही

हात अजून आहे. कपाळावर धरलाय ना फोटोत. तो शेवटी येईल, डोळ्यांबरोबर. तेवढं लिहितो

वाचता येत नाही त्यांना. कुणीतरी वाचून दाखवा. कुणीही —

केराबाई, दिवस घालू नका. बिरप्पा जिवंत आहे. उदगीरला आहे. पाण्याच्या टाकीमागं, निळ्या दाराचं घर, दारात कढीपत्ता. आईचं नाव सुकन्या. जाऊन हाक मारा, तुमच्या हाकेला तो ओळख देईल. आणि त्याला सांगा, ते ताट माझ्या